चिनी काढा आणि वर कडक चहा: या चुका टाळा

सिंगापूर-हाँगकाँगमधल्या मराठी घरांत हे हमखास घडतं. खोकला हटत नाही, ऑफिसातलं कुणीतरी चिनी वैद्याकडे पाठवतं, तिथून काढ्याच्या पुड्या घरी येतात. पहिल्या घोटालाच तोंड असं कडूजहर होतं की हात आपसूक चहाच्या कपाकडे जातो. ‘चहा-कॉफी टाळा’ एवढं वैद्याने सांगितलेलं असतं. का, ते नाही. मग काहीजण त्याच दिवशी दोन्ही बंद करतात, तर काहीजण काढाच कॉफीच्या घोटाबरोबर उतरवतात. दोघांचंही चुकतं.

औषधाचं आणि चहा-कॉफीचं भांडण दोन जागी होतं: पोटात आणि रक्तात. पोटातलं भांडण अंतर ठेवून मिटतं. रक्तातलं मिटत नाही.

काढ्यावर लगेच चहा

हे पोटातलं. चहातली टॅनिन्स, म्हणजे तुरट द्रव्यं, अल्कलॉइड जातीच्या (वनस्पतींतल्या, बहुधा कडू) द्रव्यांना धरून त्यांचा साका करतात. हुआंगलियान या पिवळ्या, अतिकडू मुळीतलं बर्बेरीन हे असंच एक द्रव्य. आपल्या दारुहळदीतही तेच असतं. साका बसला की औषध शोषलं जाणार कसं? काढा कोमट पाण्याबरोबर घ्या आणि मध्ये दीड-दोन तास जाऊ द्या. कडू तोंडाला खडीसाखरेचा खडा पुरतो.

सोबत लोहाच्या गोळ्या चालू असतील तर आणखी जपा. 1983 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हॅम्बर्गरच्या जेवणातलं लोह कॉफीमुळे 39 टक्के, तर चहामुळे 64 टक्के कमी शोषलं गेलं. त्यातली खरी गंमत वेळेची आहे. जेवणाआधी तासभर घेतलेल्या कॉफीने काही बिघडलं नाही, पण जेवणानंतर तासाभराने घेतलेलीने जेवणासोबतच्या कॉफीइतकंच नुकसान केलं. आपली सवय नेमकी उलटी, जेवण झालं की चहा.

सगळ्याच औषधांना चहा वर्ज्य, हा समज मात्र खुद्द चिनी परंपरेतही बसत नाही. सोळाव्या शतकातला चिनी वैद्य ली शिझेन याने वेइलिंगश्यान आणि थूफूलिंग या औषधी मुळ्या घेणाऱ्यांनी चहा पिऊ नये, असं नावं घेऊन लिहिलं. (थूफूलिंग म्हणजे आपल्या चोपचिनीची भावकी. चोपचिनी ‘चीनचं मूळ’ म्हणून गोव्यात चांगलीच ठाऊक होती. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ताच्या 1563 साली गोव्यात छापलेल्या ग्रंथात तिच्यावर अख्खं प्रकरण आहे.) उलट चीनमधल्या सोंग राजवटीच्या सरकारी औषधशाळेच्या संग्रहात डोकेदुखीवरचं एक चूर्ण आहे, च्वानश्योंग छाथ्याओ सान. ते चहात कालवूनच घ्यायचं, नावातला ‘छा’ तोच. म्हणून वैद्याला सरसकट ‘चहा चालेल का?’ न विचारता ‘या औषधावर चालेल का?’ असं विचारा.

अंतर ठेवलं की झालं?

नाही. सर्दी-दम्याच्या काढ्यात माहुआंग, म्हणजे एफेड्रा ही वनस्पती असेल तर त्यातलं एफेड्रीन आणि कॉफीतलं कॅफीन दोन्ही हृदयाला एकाच दिशेने पिटाळतात. कॅफीनची निम्मी मात्रा उतरायलाच साधारण पाच तास लागतात. दोन तासांच्या अंतराने काय होणार? या जोडगोळीचा वापर वजन घटवण्याच्या गोळ्यांत इतका बोकाळला की 2004 मध्ये अमेरिकेने एफेड्रा असलेल्या पूरक आहारांवर बंदी आणली. पारंपरिक चिनी औषधं त्या बंदीत नव्हती, त्यामुळे पुडीत माहुआंग असू शकतं. धडधड, हात थरथरणं, रात्री टक्क जाग ही लक्षणं दिसली तर कॉफी थांबवा आणि वैद्याला कळवा. कॉफीऐवजी ग्रीन टी, हा तोडगा नाही. त्यातही कॅफीन असतंच. छातीत दुखलं किंवा भोवळ आली तर थेट रुग्णालय.

झोपेसाठी दिलेल्या काढ्याचंही तसंच. रानबोरांच्या बियांचा, स्वानझाओरेनचा काढा रात्री घ्यायचा आणि संध्याकाळी सहाला फिल्टर कॉफी प्यायची. मग ‘चिनी औषधाचा काही उपयोग नाही’ म्हणायचं!

‘झाडपाल्याचं’ म्हणून वेष्टन न वाचणं

माझ्या मते ही सगळ्यात महागात पडणारी चूक. चीनमध्ये घरोघरी असणाऱ्या कानमाओलिंग या सर्दीच्या दाणेदार औषधाच्या नेहमीच्या पुडीत वनस्पतींसोबत 200 मिलिग्रॅम पॅरासिटामॉल, 4 मिलिग्रॅम क्लोरफेनामाइन (ॲलर्जी-सर्दीवरचं औषध) आणि 4 मिलिग्रॅम कॅफीन असतं. कॅफीन नगण्य आहे, एका कप कॉफीत त्याच्या कितीतरी पट. घोळ इतर दोघांचा. क्लोरफेनामाइनने गुंगी येते, ती घालवायला माणूस कॉफी वाढवतो. अंगदुखीवर आपली पॅरासिटामॉलची गोळी वेगळी घेतो. एकाच औषधाचा दुहेरी डोस पडतो आणि भार यकृतावर येतो.

नावावर जाऊ नका

शेवंतीच्या नुसत्या फुलांचा ‘चहा’ असेल तर त्यात कॅफीन नाही. पण डिमसमच्या (वाफवलेल्या चिनी फराळाच्या) हॉटेलात शेवंती बहुधा फूअर या मुरवलेल्या चिनी चहात मिसळलेली येते, त्यात आहे. उलट बाजूने, बीजिंगच्या 1669 पासूनच्या थोंग रेन थांग औषधी पेढीने कॅफे काढून गोजी बेरीचं लाटे विकलं, तसं यीमूत्साओ ही औषधी वनस्पती आणि गुलाब घातलेलंही. यीमूत्साओचा परिणाम गर्भाशयावर होतो. गरोदरपणात असला कप नको, कितीही देखणा असला तरी.

डोकं दुखतंय, पण औषधाने नव्हे

दिवसाला चार-पाच कप पिणाऱ्याने काढा सुरू झाला त्याच दिवशी कॉफी तोडली की 12 ते 24 तासांत डोकं ठणकू लागतं, चिडचिड होते, पेंग येते. हे दुखणं नऊ दिवसांपर्यंत रेंगाळू शकतं, आणि आळ येतो काढ्यावर. माहुआंगसारखी घाई नसेल तर दर दोन-तीन दिवसांनी एक कप कमी करा आणि आपण रोज किती कप पितो, ते वैद्याला पहिल्याच भेटीत खरं सांगा. स्टीलचा मोठा पेला असेल तर तो दोन कप धरा.