जहाजातून उतरून प्राचीन अवशेष पाहायला जाताय? या चुका टाळा

गेली बारा वर्षं मी नाशिकच्या लहान गटांना भूमध्य समुद्रातल्या क्रूझवर घेऊन जाते. बरोबर असतात ती बहुतेक निवृत्त माणसं, आयुष्यभर पै-पै साठवून पहिल्यांदाच देशाबाहेर पडलेली. म्हणून दर फेरीला त्याच त्या चुकांपायी कुणाचा अख्खा दिवस वाया गेला की जीव तुटतो. या चुका घरूनच टाळता येतात.

सगळ्यात महागात पडते ती वेळेची चूक. कागदावर लिहिलेलं असतं, ‘सकाळी 8 ते संध्याकाळी 5’. आपण म्हणतो, नऊ तास मिळाले! पण जहाज धक्क्याला लागल्यावर खाली उतरायला अर्धा-पाऊण तास जातो. परतीची वेळ जहाज सुटण्याच्या किमान अर्धा तास आधीची असते. मी त्याच्याही तासभर आधी बंदरात असते. उरले पावणेसात तास. त्यातून जाण्यायेण्याचा वेळ वजा करा. रोमसाठी जहाज चिवितावेक्कियाला लागतं, तिथून रोम सत्तरेक किलोमीटर. दोन्ही बाजूंचे मिळून तीन तास गेले, हातात पावणेचारच राहिले. तेवढ्यात कलोसियम, व्हॅटिकन आणि त्रेवीचं कारंजं बसवायचं म्हणणाऱ्यांशी मी आता वाद घालत नाही. मी कलोसियम आणि शेजारचा फोरम, म्हणजे जुन्या रोमचा मुख्य चौक, एवढंच करते. ज्यांना तिन्ही हवीत त्यांनी वेगळी सुट्टी काढून रोमला चार दिवस राहावं.

आता नाशिकरोडच्या काकांची गोष्ट सांगते. प्रेसमधून निवृत्त झालेले, वक्तशीर माणूस, वाचन दांडगं. आमचं जहाज इटलीहून ग्रीसमधल्या काताकोलो बंदरात आलं होतं. तिथून ऑलिम्पिया, प्राचीन ऑलिम्पिक स्पर्धांची जागा, टॅक्सीने चाळीसेक मिनिटांवर. जहाजाने ठरवलेल्या बसच्या सहलीत संग्रहालयाला फार कमी वेळ होता आणि काकांना तिथला हर्मीस या ग्रीक देवाचा पुतळा निवांत पाहायचा होता, म्हणून ते आणि काकू स्वतंत्र गेले. इटली आणि ग्रीस यांच्या वेळेत एक तासाचा फरक आहे. आदल्या रात्री केबिनमध्ये चिठ्ठी आली होती, घड्याळ एक तास पुढे करा. काकांनी ती वाचली नाही. रोमिंगचा खर्च नको म्हणून फोन बंद. भरवसा मनगटावरच्या घड्याळावर.

परतीची वेळ साडेचारची. काका धक्क्यावर आले तेव्हा त्यांच्या घड्याळात तीन पंचावन्न झाले होते. त्यांच्या हिशेबाने ते अर्ध्या तासाहून जास्त आधी आले होते. खरी वेळ होती चार पंचावन्न. जहाजाची शिडी काढून झाली होती, दोर सोडत होते. मी वरच्या डेकवर उभी होते आणि खाली काकू पदर सावरत हात हलवत होत्या. काही करता आलं नाही. जहाजाच्या लोकांनी केबिनच्या तिजोरीतून दोघांचे पासपोर्ट काढून निघण्याआधीच बंदरातल्या एजंटकडे दिले होते, एवढंच नशीब. दोघं रात्रभर रस्त्याने तीनशेक किलोमीटर प्रवास करून सकाळी अथेन्सच्या पिरेअस बंदरात आम्हाला येऊन मिळाली. काकूंच्या साखरेच्या गोळ्या केबिनमध्येच राहिल्या होत्या. खर्च सगळा स्वतःचा. अथेन्समध्ये आम्ही अॅक्रोपोलिसची टेकडी चढलो तेव्हा ती दोघं केबिनमध्ये झोपून होती.

त्या सकाळी मीही त्यांचं घड्याळ पाहिलं नव्हतं, हे मला अजून सलतं. तेव्हापासून शिडीशी उभी राहून मी प्रत्येकाचं मनगट बघते. लोकांना राग येतो, येऊ दे. फोनवर विसंबू नका, तो देशाची वेळ दाखवतो आणि जहाज कधीकधी वेगळी वेळ पाळतं. उतरताना शिडीपाशी परतीची वेळ लिहिलेली पाटी असते, तिचा फोटो काढा. बंदरातल्या एजंटचा नंबर कागदावर लिहून खिशात ठेवा, आणि दोन दिवसांच्या गोळ्या नेहमी अंगावर बाळगा.

पहिल्यांदाच जाणाऱ्यांनी लांबच्या ठिकाणी जहाजाचीच सहल घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. महाग असते, पण ती बस अडकली तर जहाज तिच्यासाठी थांबतं. तुमच्या टॅक्सीसाठी थांबत नाही. पिरेअसहून अथेन्स मेट्रोने सहज होतं, तिथे स्वतंत्र जा.

व्हिसाची चूक मात्र नाशिकमध्येच होते. जहाज ग्रीसहून तुर्कस्तानात जाऊन परत ग्रीसला किंवा इटलीला येत असेल, तर एका प्रवेशाचा शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच व्हिसा) चालत नाही. तुर्कस्तान शेंगेनमध्ये नाही, परतताना तुमचा दुसरा प्रवेश मोजला जातो. अर्जासोबत जहाजाचा पूर्ण मार्ग जोडा आणि पासपोर्ट हातात आला की प्रवेशांच्या रकान्यात ‘मल्ट’ (MULT), म्हणजे अनेक प्रवेश, आहे का ते त्याच दिवशी पाहा. तुर्कस्तानचं वेगळं बघावं लागतं. शेंगेन व्हिसा चालू असेल तर आपल्या लोकांना त्यांचा ई-व्हिसा मिळतो.

इटलीतल्या पॉम्पेई या प्राचीन शहराचं तिकीट दारात काढू म्हणू नका. नोव्हेंबर 2024 पासून दिवसाला 20,000 लोकांनाच आत सोडतात आणि तिकिटावर नाव असतं. मूळ ओळखपत्र जवळ हवं.

चपला नकोत. संगमरवर दोन हजार वर्षांच्या पावलांनी गुळगुळीत झालाय, पॉम्पेईचे रस्ते ओबडधोबड काळ्या दगडांचे. साध्या, वापरून मऊ झालेल्या बुटांइतकं चांगलं काही नाही. नवे कोरे बूट जहाजावर पहिल्यांदा घालणाऱ्यांचे पाय दुसऱ्या दिवशी हमखास सोलतात.

छत्री न्या. सावली कुठेच नाही.

गालिच्याच्या दुकानात चहा प्यायला बसू नका. तिथे पाऊण तास जातो.

आणि एक चूक जी मला सगळ्यात जास्त लागते. तुर्कस्तानातल्या एफिसस या प्राचीन शहरात आलेली माणसं थेट सेल्ससच्या ग्रंथालयासमोर जातात, पाठ करून फोटो काढतात आणि विचारतात, “बाकी दगडच ना?” घाई झालेल्या माणसाला दगडच दिसणार. म्हणून निघण्याआधीच्या रविवारी मी गटाला पांडवलेण्यांवर नेते, प्रवासात घालायचे बूट घालून. दोनशेच्या आसपास पायऱ्या चढून कुणाचे गुडघे कसे बोलतात ते तिथेच कळतं. पण खरं कारण वेगळं. लेणं क्रमांक 10 क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याच्या दानाचं, दुसऱ्या शतकातलं. सेल्ससचं ग्रंथालयही दुसऱ्या शतकातलंच. सेल्ससच्या मुलाने बापाच्या थडग्यावर ते बांधलं. आपल्या तिसऱ्या लेण्यात सातवाहन राजमाता गौतमी बलश्रीने मुलाचं वर्णन कोरून घेतलंय, ज्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं असा. आणि सतराव्या लेण्याचा दाता इंद्राग्निदत्त, शिलालेखात स्वतःला ‘योनक’ म्हणजे यवन, ग्रीक म्हणवतो. हे इथे हात लावून पाहिलेला माणूस तिथे गेला की आपोआप विचारायला लागतो, हे कुणी बांधलं, पैसे कुणी दिले, नाव कुठे कोरलंय.

एफिससला वरच्या दारातून शिरा आणि उतरत खालच्या दाराने बाहेर पडा. टॅक्सीवाला खालच्या दाराशी सोडतो आणि मग भर उन्हात चढ लागतो. टॅक्सीत बसण्याआधीच त्याला सांगा, वर सोड, खाली थांब. उताराने कुरेटी रस्ता, मग ग्रंथालय, मग पंचवीस हजार माणसं बसतील एवढं नाट्यगृह असा क्रम लागतो. नाट्यगृहाच्या पायऱ्यांवर बसून समोर बघा. तिथून बंदराकडे जाणारा रस्ता आहे, पण बंदर नाही. नदीच्या गाळाने ते भरलं, समुद्र कित्येक किलोमीटर मागे सरला आणि शहर ओस पडलं. गोदेचा गाळ पाहिलेल्याला हे सांगावं लागत नाही. श्रीमंतांच्या घरांचं वेगळं तिकीट आहे, ते काढा. भिंतींवरचे रंग अजून शाबूत आहेत आणि वर छप्पर असल्याने उन्हापासून सुटकाही होते.

परतताना वेळ उरला तर दुकानांत घालवू नका. एफिससजवळच्या सेल्चुक गावाबाहेर आर्टेमिस देवीच्या मंदिराची जागा आहे, प्राचीन जगातल्या सात आश्चर्यांपैकी एक. तिकीट नाही, गर्दी नाही. सपाट, ओलसर जमिनीत एकच खांब उभा आहे. मोसमात त्याच्या टोकावर करकोच्यांचं घरटं असतं. तिथे टॅक्सी थांबवायला सांगा, दहा मिनिटं पुरतात.