चोक बंद केला की गाडी बंद: पायलट जेटची सफाई

जुनी १०० सीसी फोर-स्ट्रोक बाइक, चार महिने उभी. चोक ओढला की चालू, सोडला की बंद. दोष पायलट जेटचा, म्हणजे कार्बोरेटरमधल्या, आयडलिंगला (अ‍ॅक्सिलरेटर न देता) पेट्रोल सोडणाऱ्या छोट्या पितळी जेटचा. शिळ्या पेट्रोलचा चिकट थर त्याच्या बारीक भोकात बसतो.

पेट्रोलचा कॉक बंद करून कार्बोरेटरखालची फ्लोटची वाटी (पेट्रोल साठतं ती) उतरवली, जेट काढून कार्ब क्लीनर मारला, हवा मारली. तार घालू नये, पितळ मऊ असतं. भोक मोठं झालं की ॲव्हरेज गेलंच.

एअर स्क्रू (आयडलिंगचं हवा-पेट्रोल प्रमाण ठरवणारा) हलक्या हाताने पूर्ण बंद, मग दीड फेरा उघडा. इंजिन गरम असताना पाव-पाव फेरा फिरवून आरपीएम सर्वांत जास्त होतो तिथे सोडला, मग आयडलिंग १४०० वर आणलं. तरी आरपीएम वर-खाली झाला, तर मॅनिफोल्डचा, म्हणजे कार्बोरेटर इंजिनला जोडणारा, रबर तडकलाय का बघा.