परगावाहून येऊन बेळगावात कापड दुकान मांडताना
आयर्लंडमधून न्यूयॉर्कला गेलेल्या अलेक्झांडर टर्नी स्टुअर्ट यांनी १८२३ साली ब्रॉडवेवर आयरिश लिनन आणि लेस विकण्यास सुरुवात केली आणि पुढे घासाघीस टाळून ठरलेल्या भावाने व्यापार वाढवला. बेळगावात नव्याने येणाऱ्या व्यापाऱ्याने प्रथम हेच गिरवावे. आपल्या पारखीचाच माल ठेवावा. खडेबाजारात गाळा पाहण्याआधी शहापूर-वडगावच्या विणकरांकडे जाऊन साडीचा पोत, काठ आणि रंगाचा पक्केपणा स्वतः तपासावा, कारण गिऱ्हाईक (विशेषतः लग्नाचा बस्ता बांधणारे) नेमके तेच चाचपते. महापालिकेचा परवाना घ्यावा, फलकावर नियमाप्रमाणे साठ टक्के कन्नड ठेवावे. नोकर मात्र मराठी आणि कन्नड दोन्ही भाषा सफाईने बोलणाराच नेमावा. प्रत्येक साडीवर किमतीची चिठ्ठी लावावी आणि उधारी तारखेसह वहीत उतरवावी.