घरच्या गेम कन्सोलला केस करताना: आधी बटणं, मग बाकीचं

घरी जोडलेल्या, हातात धरायच्या गेम कन्सोलला थ्रीडी प्रिंटरवर केस, म्हणजे प्लास्टिकचं बाहेरचं कवच, कसं करायचं ते इथे सांगतो. रास्पबेरी पाय झीरो २ डब्ल्यू (एका बोर्डावरचा छोटा कॉम्प्युटर), साडेतीन इंची स्क्रीन, बॅटरी आणि चार्जिंग मॉड्यूल टेबलावर जोडून गेम व्यवस्थित चालतोय, असं मी धरून चालतो. तो चालत नसेल तर आधी ते काम पुरं करा. वायरिंग पक्कं होण्याआधी केसचं ड्रॉइंग काढायला बसलात तर केस दोनदा करावी लागेल.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. 'इंटरनेटवरून तयार एसटीएल फाईल (थ्रीडी प्रिंटरला द्यायचं ड्रॉइंग) उतरवा आणि छापा' हा सल्ला सगळीकडे मिळतो, तो ऐकू नका. ज्याने ती फाईल काढली त्याची स्क्रीन वेगळी, स्विच वेगळे, बोर्ड वेगळा. तुमचे स्विच जिथे बसलेत तिथे त्याची भोकं येणार नाहीत. मग तुम्ही कानस घेऊन बसाल आणि शेवटी फेव्हिक्विकवर याल.

मापं

व्हर्निअर (बारीक मापं घ्यायचं सरकतं कॅलिपर) हवाच, पट्टीने हे काम होत नाही. पाय झीरो ६५ बाय ३० मिलिमीटरचा असतो, त्याच्या चार भोकांचे मध्य ५८ बाय २३ वर येतात आणि त्यांना एम २.५ चा स्क्रू लागतो. स्क्रीनचं मात्र काचेचं माप घेऊन भागत नाही. स्क्रीन चालू करून पूर्ण पांढरं चित्र लावा आणि जेवढा भाग उजळतो तेवढाच मोजा. ज्या बाजूने रिबन (स्क्रीनची चपटी केबल) निघते तिकडे काळी कड जास्त रुंद असते, त्यामुळे काचेच्या मध्यावर खिडकी कापली की एकीकडे काळी पट्टी दिसते आणि दुसरीकडे चित्र झाकलं जातं.

आकार पुठ्ठ्यावर ठरवा. २००१ सालचा गेम बॉय ॲडव्हान्स साधारण १४४ बाय ८२ मिलिमीटरचा होता आणि हाताला तो आजही बरोबर वाटतो. पुठ्ठ्याचे तुकडे चिकटवून तेवढा ठोकळा करा, हातात धरा, अंगठे जिथे आपसूक टेकतात तिथे पेनाने खूण करा. बटणं तिथेच येणार.

बटणं

बहुतेकांची केस इथे फसते, आणि मलाही सगळ्यात जास्त दमवलंय ते याच टप्प्याने. केस दिसायला झकास होते, स्क्रू लागतात, आणि मग 'ए' दाबलं की ते दाबलेलंच राहतं, किंवा उजवीकडे दाबलं की वरचंही लागतं. नेहमीच्या सहा बाय सहा मिलिमीटरच्या टॅक्ट स्विचची (बटणाखाली बसणाऱ्या, टक्‌ करून दबणाऱ्या छोट्या स्विचची) दांडी जेमतेम ०.२५ मिलिमीटर खाली जाते. म्हणजे उंचीत पाव मिलिमीटर इकडेतिकडे झालं, तर बटण कायमचं दाबलेलं राहील नाहीतर खुळखुळत राहील.

म्हणून सुरुवात ड्रॉइंगपासून न करता सोल्डरिंगपासून करा. स्विच झीरो पीसीबीवर, म्हणजे भोकांच्या साध्या कोऱ्या बोर्डावर, लावायचे; यापुढे बोर्ड म्हणजे हाच. त्याची भोकं २.५४ मिलिमीटरच्या अंतरावर असतात. ए, बी, एक्स, वाय ही चार बटणं मधल्या बिंदूपासून वर, खाली, डावीकडे, उजवीकडे तीन-तीन भोकांवर घ्या. शेजारच्या दोन बटणांच्या मध्यांत जवळपास १०.८ मिलिमीटर अंतर पडतं आणि ८ मिलिमीटर व्यासाची बटणं त्यात मोकळी बसतात. चारही स्विच एकाच दिशेने लावा, नाहीतर त्यांचे मध्य या मापावर येत नाहीत.

स्विच बसवताना आधी एकच पाय सोल्डर करा. मग स्विचच्या अंगावर बोट दाबून धरा आणि पलीकडून तो डाग पुन्हा वितळवा. स्विच बोर्डाला सपाट टेकल्याचं बोटाला कळतं. त्यानंतरच उरलेले पाय. सगळे झाले की बोर्डापासून प्रत्येक स्विचच्या टोकापर्यंतची उंची मोजा. ५ मिलिमीटरवाले स्विच असतील तर सगळीकडे ५ च आलं पाहिजे. एखादा ५.२ दाखवत असेल तर तो काढून पुन्हा लावा, केसमध्ये जुळवून घेऊ म्हणू नका.

आता हिशोब. बटण बाहेर निसटू नये म्हणून त्याला खाली १.२ मिलिमीटर जाड कॉलर (भोकापेक्षा रुंद कड) द्यायची. स्विचची उंची ५. बटण आणि स्विच यांच्यात मोकळीक ०.२. बेरीज ६.४. केसच्या पुढच्या भिंतीच्या आतल्या बाजूपासून बोर्डापर्यंत एवढंच अंतर हवं, म्हणजे बोर्ड ज्या खांबांवर टेकतो ते ६.४ उंच. पुढची भिंत २.४ जाड ठेवा. सगळे आकडे ०.२ च्या पटीत आहेत ते मुद्दाम, कारण प्रिंटर ०.२ च्या थरांनी छापतो. तुम्ही ६.३ लिहिलंत तरी तो ६.२ किंवा ६.४ च देणार, आणि त्यातच बटण बिघडतं.

बाजूची मोकळीक सगळीकडून ०.३, म्हणजे ८ च्या बटणाला ८.६ चं भोक. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत सतारीची खुंटी बसवतात ती घासून घासून घट्ट करतात, कारण तिने तार धरून ठेवायची असते. बटणाचं काम नेमकं उलटं आहे, ते कुठेही न धरता सुटलं पाहिजे. घट्ट बसलेलं बटण पाहून खूश होऊ नका. शिवाय पुढची बाजू बेडवर (प्रिंटरच्या सपाट तळावर) पालथी छापली जाते तेव्हा पहिला थर दबून बाहेर पसरतो आणि भोकाची कड आत येते. ड्रॉइंगमध्येच त्या कडेला अर्ध्या मिलिमीटरचा उतार द्या. कानशीने भोक मोठं करायला मात्र माझा ठाम विरोध आहे: ते एका बाजूला जास्त घासलं जातं आणि बटण तिरकं बसतं.

अधिकच्या चिन्हाच्या (+) आकाराच्या दिशा-बटणाला एक गोष्ट जास्तीची लागते, ती म्हणजे मधोमध खाली गोल टोकाची खुंटी. ती नसेल तर अंगठ्याच्या दाबाने अख्खं बटण खाली जातं आणि दोन-तीन दिशा एकदम लागतात. खुंटी बोर्डाला टेकली की बटण तिच्यावर फक्त कलतं. वरच्या हिशोबात तिची लांबी ५.२ येते. कलण्यासाठी बाजूची मोकळीक इथे ०.५ ठेवा.

शेवटचं, आणि हे कुणीच सांगत नाही: बोर्ड फक्त कोपऱ्यांवर धरला असेल तर बटण दाबताना तो मागे वाकतो आणि सगळा हिशोब वाया जातो. मागच्या झाकणातून बटणांच्या बरोबर पाठीमागे एक खांब आणा. सोल्डरचे डाग चुकवून, बोर्डाच्या मोकळ्या जागेवर.

हे सगळं जमलं की फक्त बटणांपुरता तुकडा छापून पाहा. पूर्ण केस छापून चाचणी घेणं म्हणजे फिलामेंट (प्रिंटरला लागणारी प्लास्टिकची तार) फुकट घालवणं. तुकड्यावर बटण अडलं तर ड्रॉइंगमधला आकडा बदला आणि तुकडा पुन्हा छापा. तो बरोबर येईपर्यंत पुढे जाऊ नका.

छपाई आणि जोडणी

फिलामेंटच्या प्लास्टिकमध्ये पीएलए नको, पीईटीजी घ्या. एप्रिल-मेमध्ये सांगलीचा पारा चाळिशीला टेकतो आणि उन्हात लावलेल्या बंद गाडीत त्याहून बराच चढतो. पीएलए ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं, पीईटीजी ८० पर्यंत धरतं. पावसाळ्यात रीळ हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवा. वळवाच्या दिवसांत संध्याकाळी मोठी प्रिंट लावू नका, लाईट गेली की प्रिंट गेली. बाहेरून छापून घेत असाल तर थर ०.२ आणि पहिला थरही ०.२, हे लिहून द्या.

बॅटरीबद्दल हयगय नको. लिथियम पॉलिमर पाउच जुना होताना फुगतो, म्हणून जाडीत निदान एक मिलिमीटर जागा सोडा. एकाही स्क्रूचं टोक तिच्याकडे येता कामा नये. टीपी४०५६ चं चार्जिंग मॉड्यूल एक अँपिअरवर चांगलंच तापतं, ते बॅटरीला चिकटवू नका. रास्पबेरी पायच्या चिपसमोर आणि या मॉड्यूलसमोर मागच्या झाकणात जाळी ठेवा.

स्क्रू थेट प्लास्टिकमध्ये पिळू नका, चार-पाच वेळा उघडलं की आटे जातात. पितळी इन्सर्ट (आतून आटे असलेली छोटी नळी) सोल्डरिंग आयर्नने हळूहळू दाबून बसवा, शेवटचा अर्धा मिलिमीटर उरला की आयर्न काढा आणि सपाट धातूची पट्टी वरून टेकवून तो पातळीत आणा.

झाकण लावताना स्क्रू समोरासमोरच्या कोपऱ्यांत आलटून पालटून आवळा, आणि प्रत्येक स्क्रूनंतर सगळी बटणं एकेकदा दाबून पाहा. एखादा स्क्रू आवळल्यावर बटण अडायला लागलं तर त्या बाजूचा मागचा खांब बोर्डाला जास्त रेटतोय. तो खांब ०.२ ने कमी करून फक्त मागचं झाकण पुन्हा छापा.