बूट आणि कोल्हापुरीसाठी घरचं मेण-तेल

चामड्याचा बूट घेताना आपण विचार करून पैसे घालतो आणि नंतर वर्षभर त्याला फक्त पॉलिश मारत बसतो, पण पॉलिशने रंग आणि चकाकी येते, आत वाळत चाललेल्या चामड्याला तेल काही मिळत नाही. मग बोटांपाशी जिथे बूट दुमडतो तिथे आधी बारीक रेघा दिसतात आणि त्याच पुढे तडकतात. तडा गेला की तो भरून येत नाही, म्हणून हे घरचं मेण-तेल आधीच लावायचं.

साहित्य वजनावर घ्या: मधमाशीचं मेण २५ ग्रॅम, एरंडेल ५० ग्रॅम, खोबरेल २५ ग्रॅम. मेण म्हणजे मेणबत्तीचं नाही हं, ते पॅराफिन असतं. एरंडेल मुद्दाम जास्त घेतलंय, ते वाळत नाही आणि लवकर खवटही होत नाही. जवसाचं तेल अजिबात नको, ते वाळून कडक होतं.

एका पातेल्यात पाणी गरम करून त्यात स्टीलचा डबा ठेवा, मेण ६२-६४ अंशाला वितळतं त्यामुळे पाणी उकळायची गरजच नाही, आणि डबा थेट गॅसवर ठेवू नका, मेण पेट घेतं. मेण पातळ झालं की तेलं घाला, काडीने ढवळा, पसरट डबीत ओता, झालं. डबा जुनाच घ्या कारण मेण नीट निघत नाही, आणि उरलेलं सिंकमध्ये ओतू नका, पाईप तुंबतो.

लावायच्या आधी बूट ओल्या फडक्याने पुसून सावलीत पूर्ण वाळवा. नाडी काढा. मग जुन्या बनियनचा तुकडा घेऊन अगदी पातळ हात द्या, दुमडतो तिथे आणि शिलाईवर जरा जास्त, रात्रभर ठेवा आणि सकाळी कोरड्या फडक्याने पुसा. जाड थर दिला तर चिकट होतो आणि सगळी धूळ धरतो, लोक इथेच चुकतात. रंग थोडा गडद होणार, फिकट बूट असेल तर आधी नाडीखालच्या जिभेच्या आतल्या बाजूला लावून बघा. स्वेड (मखमलीसारखं लवदार चामडं) आणि रेक्झिनला हे लावायचं नाही.

कोल्हापुरीला तर हे फारच मानवतं. तिचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं असतं, वरून रंगाचा जाड थर नसतो, त्यामुळे तेल लगेच पितं. पट्टे, अंगठा आणि तळाच्या कडेला दिसणारी चामड्याची वादी, तिघांनाही लावा, कारण तळ त्या वादीनेच शिवलेला असतो आणि ती सुकून तुटली की चप्पल उसवायला लागते. पावसाळ्यात मात्र ती घालूच नका, मे महिन्यात एक हात देऊन कापडी पिशवीत ठेवा, प्लॅस्टिकच्या पिशवीत बुरशी धरते. भिजलीच तर पट्ट्यांखाली वर्तमानपत्र कोंबून सावलीत वाळवा, उन्हात नाही, आणि पूर्ण वाळल्यावरच मेण-तेल लावा.

रोजच्या बुटाला दोन-तीन महिन्यांनी एक हात पुरतो.