सौंदत्तीच्या यल्लम्मा डोंगरावर दर्शनाला कसे जावे

आधी वार ठरवा. निवांत दर्शन हवे असेल तर मंगळवार, शुक्रवार आणि पुनव टाळा. मार्गशीर्षातल्या पुनवेला आणि माघातल्या भरत पुनवेला डोंगरावर पाय ठेवायला जागा नसते. जत्राच बघायची असेल तर मात्र तेव्हाच जा, मुक्कामाच्या तयारीने.

बेळगावहून नेसरगी-यरगट्टीमार्गे सौंदत्ती सुमारे ८० किलोमीटर. रेल्वेने येणाऱ्यांनी धारवाडला उतरावे. बसवरची पाटी कन्नडमध्ये असते. वाचता येत नसेल तर ‘यल्लम्मा गुड्डा’ एवढे विचारा. कर्नाटकातल्या महिलांना शक्ती योजनेमुळे साध्या बसला तिकीट नाही, आधार कार्ड तेवढे जवळ ठेवा. कोल्हापूरहून आलेल्या मावशीचे तिकीट काढावेच लागते.

थेट गाभारा गाठायची घाई नको. रीत अशी, की आधी पायथ्याच्या जोगुळभावीत स्नान, तिथल्या सत्यम्माचे दर्शन, मग डोंगर. स्नान नको असेल तर हातपाय धुतले तरी चालते. वर कुंकुमकुंड आणि एण्णेहोंडा ही कुंडे आहेत. यल्लम्मा म्हणजेच रेणुका. तिचे हे देऊळ रायबागच्या बोमप्पा नायकाने १५१४ मध्ये बांधले असे सांगतात. ओटी भरून लगेच फिरू नका. परशुराम आणि जमदग्नींची देवळे आवारातच आहेत, त्यांच्यावाचून रेणुकेची कथा अर्धीच राहते.

माझ्या मते खरी यात्रा देवळाबाहेर, चुलीपाशी असते. आपल्याकडची माणसे डोंगरावरच स्वयंपाक करतात: पुरणपोळी, भाकरी, वांग्याची भाजी, आंबील. मग पडली म्हणजे देवीची परडी भरायची, भंडारा उधळायचा, चौंडके या तंतुवाद्याच्या तालावर ‘उदं गं आई उदं’ म्हणायचे. शिधा, भांडी, जळण आणि पाण्याचा कॅन घरूनच न्या. भंडाऱ्याचा डाग लवकर जात नाही, तेव्हा नवी पांढरी पँट घालणाऱ्याने तक्रार करू नये.

कुणी जट, म्हणजे केसांचा चिकटलेला गुंता, दाखवून ‘पोरीला देवीला सोडा’, म्हणजे देवदासी करा, म्हणाले तर ऐकू नका. १९८२ च्या कायद्यापासून कर्नाटकात तो गुन्हा आहे. जट कात्रीने कापावी, बस्स.

परतताना नविलुतीर्थाला थांबा. इथेच मलप्रभा नदी अडवून रेणुकासागर जलाशय झाला आहे. पाणी बघायचे तर पावसाळा संपता संपता जा. उन्हाळ्यात ते बरेच मागे सरकते. पोरांना मात्र जलाशयात उतरू देऊ नका, अंघोळ जोगुळभावीतच उरकलेली बरी.