परदेशात इंग्रजी शिकवायला निघण्यापूर्वी

शिवाजी विद्यापीठातून इंग्रजीत एम.ए. झाल्यावर मी तीन वर्षे थायलंडमधील एका शाळेत इंग्रजी शिकवले आणि नंतर सांगलीला परतलो. विश्रामबागेतील अभ्यासिकेत बसणारी मुले आजही त्याच वाटेची चौकशी करतात, म्हणून हे लिहितो आहे.

या क्षेत्रात तुमच्या इंग्रजीच्या आधी तुमचा पासपोर्ट पाहिला जातो. दक्षिण कोरिया भाषाशिक्षकांचा ई-२ व्हिसा मुख्यतः सात इंग्रजीभाषक देशांच्या नागरिकांना देतो. भारत आणि कोरिया यांच्यातील २०१० पासून लागू झालेल्या करारामुळे भारतीयांना सरकारी शाळांत सहायक शिक्षक होता येते, पण त्यासाठी पदवीबरोबर अध्यापनाची पात्रताही लागते. त्यातच त्या देशाचा जननदर २०२३ मध्ये दर स्त्रीमागे ०.७२ मुलांपर्यंत खाली आला, म्हणजे वर्गात बसणारी मुलेच कमी होत चालली आहेत. चीनने जुलै २०२१ मध्ये शालेय विषयांच्या नफेखोर शिकवण्यांवर निर्बंध आणले, परदेशात राहणाऱ्या शिक्षकांच्या ऑनलाइन तासांनाही मनाई केली, आणि असंख्य शिक्षकांचे काम एकाएकी थांबले.

माझा करार अकरा महिन्यांचा असे आणि सुट्टीचा पगार त्यात नसे. दर मार्चमध्ये वह्या तपासून झाल्या की कपाटाची किल्ली कार्यालयात जमा करायची, आणि मे महिन्यात ती पुन्हा हाती येईल की नाही, हे कोणीही सांगत नसे. तिसऱ्या वर्षीच्या करारावरील रक्कम पहिल्या वर्षीचीच होती. अनुभवाने या नोकरीत बढती मिळत नाही, हे मला तेव्हा कळले.

जाण्यापूर्वी एका एजन्सीने मला इंग्रजी अध्यापनाचा १२० तासांचा ऑनलाइन अभ्यासक्रम विकला होता आणि ते पैसे वडिलांनी हळद विकून आलेल्या पट्टीतून भरले होते. त्यात एकदाही प्रत्यक्ष वर्गासमोर उभे राहावे लागले नाही. सेल्टा या केंब्रिजच्या इंग्रजी अध्यापन प्रमाणपत्रात मात्र खऱ्या विद्यार्थ्यांना सहा तास शिकवावे लागते आणि प्रशिक्षक मागे बसून ते पाहतात. प्रमाणपत्र घ्यायचेच असेल तर अशा प्रकारचे घ्यावे.

त्याहूनही आधी दोन वर्षांचे बी.एड. पूर्ण करावे, असे मी आग्रहाने सांगेन. थायलंडमध्ये शिक्षकी परवाना नसेल तर तात्पुरत्या परवानगीवरच राहावे लागते, आणि इकडे परतल्यावर टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) व शिक्षक भरतीच्या अभियोग्यता चाचणीचा मार्ग त्याच पदवीमुळे खुला राहतो. माझ्याकडे ती नव्हती; तिशी ओलांडल्यावर मी ती घेतली. आता कोणी करार घेऊन आले, तर मी त्याला प्रथम सुट्टीच्या पगाराचे कलम शोधायला सांगतो.